लोवेल स्टूप्सची परात

लोवेल स्टूप्सने वयाच्या चौसष्टाव्या वर्षी सोनं शोधायला ओढ्यात पाय घातला, त्याला कारण झाली एक गांधीलमाशी. ती नोरीनला, म्हणजे लोवेलच्या बायकोला, परसात मटार तोडताना डाव्या हाताच्या अनामिकेवर चावली. बोट सुजून वांग्यासारखं झालं आणि त्यात लग्नाची अंगठी रुतली. साबण लावून झाला, लोणी लावून झालं, शेजारच्या व्हर्जिल प्रूएटच्या आग्रहाखातर ट्रॅक्टरचं वंगणही लावून झालं. शेवटी अग्निशमन केंद्रातल्या जवानाने चिमुकल्या करवतीने अंगठी एका जागी कापली आणि पकडीने फाकवून बाहेर काढली. एकोणचाळीस वर्षं आठ महिने बोटात असलेली अंगठी आता घोड्याच्या नालासारखी दिसत होती. मध्ये बोटभर नसली तरी तांदळाच्या दाण्याएवढी फट.

लोवेलने एकतीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीची पाहणी केली होती. गारांनी फुटलेली छपरं, हरणाला धडकलेल्या गाड्या, वीज पडून गेलेली गुरं. पुरावा नीट जपून ठेवला पाहिजे ही गोष्ट त्याच्या अंगात मुरलेली. म्हणून त्याने अंगठी ताबडतोब एका पाकिटात घातली. हाताशी लागलं ते चर्चच्या दानाचं पाकीट. मेथडिस्ट पंथाच्या घरात ही पाकिटं खणात गठ्ठ्याने पडलेली असतात. पाकिटावर 'अंगठी, नोरीन' असं लिहिणार होता, पण पेन गाडीत राहिलं होतं. एकतीस वर्षांत त्याने नाव न घालता एकही पाकीट ठेवलं नव्हतं. हे एकच.

पुढचं सांगायला नकोच. रविवारी चर्चमध्ये तबक फिरलं, लोवेलने खिशातलं पाकीट भक्तिभावाने त्यात टाकलं, आणि घरी येऊन खण उघडला तर पाच डॉलरचं पाकीट तिथंच त्याच्याकडे बघत पडलेलं.

"सोमवारी जाऊन रेव्हरंडना सांग," नोरीन म्हणाली.

"सांगतो की. त्यात काय!"

सोमवारी त्याचा गुडघा दुखत होता. मंगळवारी रेव्हरंड गावाला गेले होते. आणि पुढच्या रविवारी रेव्हरंड क्लाइन व्यासपीठावर उभे राहिले ते डोळे पुसतच. "मागच्या आठवड्यात तबकात एक मोडलेली अंगठी आली," ते म्हणाले. "नाव नाही, गाव नाही. कुणी दिली ते आपण विचारायचं नाही. पण ज्याने दिली त्याने नुसतं सोनं नाही, काळीज काढून दिलंय." पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी हुंदका दिला. अंगठी छपराच्या निधीत जाईल असं रेव्हरंडनी जाहीर केलं. छप्पर गळत होतं, त्यामुळे सगळ्यांनी एकदम वर पाहिलं.

नोरीनचं कोपर लोवेलच्या बरगडीत घुसलं. आता उठून बोलायचं. पण काय बोलायचं? 'माफ करा, ते काळीज चुकून पडलं, परत द्या'? दक्षिण इंडियानात माणूस चर्चमध्ये पाटलोणीशिवाय आला तर लोक नजर चुकवून हवामानाबद्दल बोलतील. तबकात टाकलेलं परत मागणाऱ्याला मात्र नातवंडांच्या पिढीपर्यंत ओळखतील. लोवेल बसूनच राहिला.

घरापर्यंत सात मैल नोरीन खिडकीबाहेर बघत होती. गाडी फाटकात वळल्यावर ती म्हणाली, "ती अंगठी घ्यायला तू गवत कापायचं यंत्र विकलं होतंस. आठवतंय?" एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर लोवेलला बरं वाटलं असतं. तिने रिकामं बोट उजव्या हाताने झाकून घेतलं होतं, आणि ते काही त्याला बघवेना.

"नऊ ऑक्टोबरला आपल्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत," तो म्हणाला. "त्या दिवशी तुझ्या बोटात नवी अंगठी असेल. आणि दुकानातली नाही, आपल्या पर्सिमन ओढ्यातल्या सोन्याची! माझ्या हाताने काढलेल्या!"

हे तो का बोलला ते त्यालाही कधी कळलं नाही. आदल्याच आठवड्यात व्हर्जिलने कुंपणावरून त्याला काचेच्या नळीतली पिवळी चिमूट दाखवली होती, ती डोक्यात राहिली असावी. पण नोरीन त्याच्याकडे बघून हसली. म्हणजे आता सुटका नव्हती.

पर्सिमन ओढ्यात सोनं आहे यात शंकाच नाही. हजारो वर्षांपूर्वी कॅनडाहून एक मैलभर जाडीची हिमनदी सरकत सरकत खाली आली, येताना डोंगर दळून त्यांचं पीठ केलं, आणि स्टूप्सच्या घरापासून पाच मैलांवर तिला पुढे जायचा कंटाळा आला. ती वितळली, धोंडे, रेती, माती आणि त्यातलं सोनं तिथंच टाकून गेली. दळूनच आणलेलं असल्यामुळे सोनंही पिठासारखं. एक कण दिसायला चष्मा लागतो आणि उचलायला देवाची कृपा. शिवाय त्या हिमनदीने एवढा कॅनडा उचलून आणला तेव्हा तिला कुणी एक फॉर्म भरायला लावला नव्हता. लोवेलला दोन भरावे लागले.

पहिला फॉर्म राज्याच्या ओढे-नाले कचेरीचा. तो मुळात वाळू उपसणाऱ्या यंत्रांसाठी होता, पण परातीत रेती धुऊन सोनं काढणाऱ्यांसाठी वेगळा फॉर्म अजून छापून यायचा होता. 'यंत्राची अश्वशक्ती' ही जागा कोरी सोडायची नाही अशी तळटीप होती. लोवेल खोटं लिहिणारा माणूस नव्हे. त्याने लिहिलं, '०.१ (गुडघा दुखत असल्यास कमी).' फॉर्म परत आला. एकाहून कमी अश्वशक्तीसाठी पुरवणी फॉर्म जोडावा, आणि गुडघा दुखत असल्याबद्दल डॉक्टरचा दाखला. डॉक्टरने दाखला दिला आणि ओढ्यात उतरायला मनाई केली. लोवेलने दाखल्याचा वरचा अर्धाच भाग पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कागदपत्रांशी लबाडी केली आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

मग परात आली. टपालाने मागवलेली, सोळा इंची, पोलादी. आजकाल सगळे हिरवी प्लॅस्टिकची वापरतात, पण लोवेलला प्लॅस्टिकवर विश्वास नव्हता. परातीबरोबर सहा पानांचं माहितीपत्रक होतं. ते त्याने खुणा करून वाचलं. चौथा नियम ठळक अक्षरांत होता: पिठासारखं सोनं तेलकटपणाचा वास जरी लागला तरी पाण्यावर तरंगून निघून जातं. म्हणून नवी परात निखाऱ्यांवर निळी पडेपर्यंत भाजावी, कारखान्यातलं तेल जाळून टाकावं.

लोवेलने परात भाजली. अख्खी दुपार मांस भाजायच्या शेगडीपाशी उभा राहून, घड्याळ लावून भाजली. व्हर्जिल कुंपणावरून विचारत होता, "मीठ-मिरी लावलंस ना रे?" परात सुंदर निळी झाली. ती त्याने स्वयंपाकघरात, मागच्या दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि समाधानाने झोपायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून सोनं काढणं सुरू झालं. म्हणजे व्हर्जिलचं सुरू झालं.

व्हर्जिल प्रूएट हा शेतीची अवजारं विकून निवृत्त झालेला, अगडबंब, मोठ्या आवाजाचा गृहस्थ. वीस वर्षं ओढे चाळून त्याच्याकडे विद्या भरपूर साठली होती आणि ती तो फुकट वाटायचा. "मोठ्या धोंड्यामागची रेती घे. तो लालसर धोंडा दिसतो ना? तो कॅनडाचा. सोनंही कॅनडाचं. परमुलखात गाववाले एकमेकांना धरून राहतात." लोवेलने धोंड्यामागची रेती घेतली. पाण्यात परात गोल हलवली, पुढून तिरकी केली, मातकट पाणी सोडलं, खडे फेकले. शेवटी तळाला काळी वाळू राहिली. सोनं नाही. व्हर्जिलने त्याच खड्ड्यातली तेवढीच रेती आपल्या हिरव्या प्लॅस्टिकच्या परातीत धुतली. नऊ कण.

"नशीब," लोवेल म्हणाला.

"नशीब कसलं? हात! तुझा हात विमा कंपनीचा आहे. देण्याची वेळ आली की घसरतो."

हे लोवेलला लागलं. त्याने मनगटाचे व्यायाम सुरू केले. जेवताना नोरीन बघायची तर नवरा बशी गोल गोल हलवतोय. सूप सांडायचं. जून सरेपर्यंत त्याच्या काचेच्या नळीत एकूण चार कण जमले. जुलैत सहा झाले, मग एक शिंकेत गेला आणि पाच राहिले. लोवेलने वहीत हिशोब मांडला: या वेगाने अंगठी पुरी व्हायला चारशे बारा वर्षं लागतील, शिंका न धरता. हा आकडा त्याने नोरीनला सांगितला नाही.

परातीबद्दल मात्र त्याला अभिमान होता. निळी परात दिवसेंदिवस काळी आणि तुकतुकीत होत चालली होती. "पोलाद वापरानं मुरतं," तो व्हर्जिलला सांगायचा. "प्लॅस्टिकला असा रंग चढेल का?"

ऑगस्टमध्ये सरकार ओढ्यावर आलं. गुडघाभर बूट घातलेली, विशीतली मिस टॅकेट नावाची अधिकारी. फार गोड मुलगी. तिने फॉर्म पाहिले, अश्वशक्ती वाचली, हसू दाबलं.

"काका, तुमच्या खिशात काय आहे?"

"हे? शिंपला. बायकोला साबण ठेवायला."

"अरेरे," मिस टॅकेट म्हणाली. तिला खरोखरच वाईट वाटलं. "शिंपले उचलायचे नसतात हो. रिकामेसुद्धा नाही. संरक्षित आहेत."

"पण तो मेलाय!"

"मेलेलेसुद्धा. मला लिहून घ्यावं लागेल."

तिने लिहून घेतलं. शिंपला जप्त करून पिशवीत घातला, पिशवीवर नाव, तारीख, ठिकाण सगळं घातलं. ते बघून लोवेलला आपलं बिननावाचं पाकीट आठवलं. ताकीद मिळाली. गावच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर तीन ओळी आल्या: 'निवृत्त विमा अधिकाऱ्याकडून शिंपला जप्त.' व्हर्जिलने ते कात्रण आपल्या गाडीच्या काचेला आतून चिकटवलं.

या सगळ्यात रेव्हरंड क्लाइन मात्र लोवेलशी फारच मायेने वागू लागले होते. चर्चच्या दारात त्याचा हात दोन्ही हातांत धरायचे आणि सोडायचेच नाहीत. "ओढ्यावर एकटेच जाता म्हणे?" ते हळू आवाजात विचारायचे.

"हो. अंगठीसाठी. नोरीनला वचन दिलंय."

"प्रयत्न सोडू नका," रेव्हरंड म्हणायचे आणि हात आणखी घट्ट दाबायचे. उन्हाळाभर त्यांची प्रवचनंही एकाच विषयावर चालली होती: पती-पत्नींनी सहनशील असावं, क्षमा करावी, मोडलेलं जोडावं. बोलताना ते चौथ्या बाकाकडे बघायचे. लोवेलला वाटलं, चौथ्या बाकावर आपल्या शेजारी बसणाऱ्या मॅकनीली जोडप्याचं काहीतरी बिनसलंय. त्याने मिस्टर मॅकनीलीच्या पाठीवर सहानुभूतीने थाप मारली. मिस्टर मॅकनीली दचकले. याच सुमारास गावातल्या बायका नोरीनकडे न सांगता झाकलेल्या भांड्यांतून नूडल्स आणि शेंगांची बेक्ड भाजी आणून देऊ लागल्या. तिकडे ही भांडी दोनच प्रसंगी येतात: घरात कुणी गेलं तर, किंवा कुणी घर सोडून गेलं तर. नोरीनला वाटलं, बोटाची सूज अजून लोकांच्या लक्षात आहे. माणसं किती चांगली!

एक ऑक्टोबरला नळीत अकरा कण होते. आठ ऑक्टोबरलाही अकराच. लोवेल शनिवारी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत ओढ्यात उभा राहिला. बोटं गारठून बधिर झाली. सगळं नियमाप्रमाणे केलं होतं, सहाही पानं पाठ होती, आणि तरी हात रिकामे. घरी आल्यावर त्याने परात ओट्यावर ठेवली आणि नोरीनला म्हणाला, "मला नाही जमलं गं." तो ओले बूट काढू लागला. "तुला दुसरी अंगठी घेऊ. दुकानातली. मी उद्या सगळ्यांसमोर सांगून टाकतो."

"सांग की," नोरीन म्हणाली, "पण आधी जेव." आणि तिने परात पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी नऊ ऑक्टोबर, रविवार. प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात अंगतपंगत होती. तळलेली कोंबडी, उकडलेल्या बटाट्यावर घातलेल्या नूडल्स, सात प्रकारची पर्सिमन फळांची पुडिंगं, कारण हंगाम होता आणि माघार कुणी घेईना. लग्नाच्या वाढदिवसाचा केक मध्यभागी. लोवेलने घसा खाकरला, चमचा पेल्यावर वाजवला. खिशातली नळी बाहेर काढली.

"मित्रहो, मी जूनमध्ये बायकोला शब्द दिला होता," त्याने सुरुवात केली, आणि त्याची नजर टेबलाच्या टोकाकडे गेली. वाक्य तिथंच राहिलं.

टेबलाच्या टोकाला त्याची परात होती. तिच्यात मक्याचा पाव होता, अर्धा संपलेला.

"नोरीन," लोवेल म्हणाला, "ही माझी परात आहे."

"हो ना. आज ताटात उलटा करायला वेळच नाही मिळाला. मोठा बिडाचा तवा मी जूनपासून बहिणीला दिलाय, तिच्या तव्याला चीर गेली म्हणून. तू रविवारी सोनं काढत नाहीस, परात नुसती टांगलेली. आणि यात कड काय खरपूस येते!"

"खरंच," व्हर्जिल तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "उन्हाळाभर तुझा पाव असा काही झालाय ना नोरीन! दर पंगतीला मी तीन-तीन तुकडे खातोय."

लोवेलने टेबलाची कड धरली. "पण तो चिकटत नाही? ती तर कोरडी आहे. मी भाजलीये ती."

"भाजलीयेस? अरे, जाळून ठेवली होतीस!" चाळीस वर्षांच्या संसारात नोरीनने नवऱ्याला इतक्या कळवळ्याने कधी समजावलं नव्हतं. "दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर उघडं कोरडं लोखंड खिळ्याला लटकतंय. माझ्या स्वयंपाकघरात! कुणी बघितलं असतं तर? मी लगेच बेकनची चरबी लावून ओव्हनमध्ये मुरवली. तीन हात दिले. आणि मग रोज तू आलास की फडक्याने पुसून परत एक हात. साबण मी लोखंडाला लावत नाही, हे तुला माहीतच आहे."

"मला सांगितलं नाहीस?"

"लोखंडाला चरबी लावली हे कुणी सांगत असतं का?"

तळघरातल्या सगळ्या बायकांनी मान हलवली. खरंच, कुणी सांगत नाही. दात घासले हे कुणी सांगतं का?

व्हर्जिलला मात्र आता सगळं कळलं होतं. त्याने खिशातून सोनं बघायचं भिंग काढलं, हातातला तुकडा उलटा केला आणि खालच्या तपकिरी कडेवर भिंग धरलं. व्हर्जिल बोलत नाही म्हटल्यावर सगळे जमा झाले.

"आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "थोडं पाण्याबरोबर वाहून गेलं. पण बाकीचं चरबीत चिकटलं. पिवळंधम्मक. एक, दोन, पाच… अरे देवा. आणि मी पंगतीगणिक तीन-तीन!"

क्षणभर सगळे आपापल्या पोटाकडे पाहत राहिले. मग कुणीतरी हसलं, आणि मग तळघराच्या खिडक्या हादरल्या. मिस्टर मॅकनीलींना ठसका लागला. फक्त लोवेल हसला नाही. पहिल्यांदा गेलेलं सोनं चर्चच्या छपराला, दुसऱ्यांदा गेलेलं चर्चच्या पोटात. तो खुर्चीवर मटकन बसला. "अंगठी काही झाली नाही, नोरीन," तो म्हणाला. मग तो सगळ्यांकडे वळला. "तबकात आलेली ती अंगठी हिची. मीच ती दानाच्या पाकिटात घातली, आणि परत मागायची मला लाज वाटली. खरं एवढंच आहे. मोडून दिली नव्हती मी ती. चुकून पडली."

"चुकून?" मागून आवाज आला.

रेव्हरंड क्लाइन पुडिंगची बशी धरून उभे होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लालबुंद झाला. बशी खाली ठेवून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. दानाचं, बिननावाचं, कडा मऊ पडलेलं.

"आत कोरलेलं होतं," ते म्हणाले. "एल आणि एन, नऊ ऑक्टोबर. व्यासपीठावरून सांगितलं त्याच संध्याकाळी वाचलं मी. छपराला दिलीच नाही. पण मला वाटलं, तुमच्या दोघांचं… म्हणजे अंगठी मोडून, फाकवून तबकात टाकलेली. बाईंचं बोट रिकामं. तुम्ही रोज एकटे ओढ्यावर. मी म्हटलं, आपण होऊन काही बोलतील तेव्हा देऊ. जखमेवर बोट कसं ठेवायचं?"

"मग तुम्ही विचारायचं नाही का?" लोवेल ओरडला.

"मग तुम्ही मागायची नाही का?" चर्चमध्ये चोवीस वर्षांत पहिल्यांदा रेव्हरंड ओरडले.

ज्या बायकांनी नूडल्स पोचवल्या होत्या त्या छताकडे बघू लागल्या. आपली भांडी परत कशी मागायची हा प्रश्न आता त्यांच्यापुढे होता.

नोरीनने पाकीट घेतलं आणि अंगठी हातावर काढली. व्हर्जिलने लगेच सल्ला दिला की ती आता पेरापलीकडे जायची नाही. गांधीलमाशीच्या प्रसादानंतर ते पेर जाडच राहिलं होतं. फट जोडायची तर अंगठी वाढवावी लागेल, वाढवायला तांदळाच्या दाण्याएवढं सोनं लागेल, आणि ते कुठे आहे हे तर सगळ्यांना माहीतच आहे. बोलता बोलता तो थांबला आणि त्याने आपल्या पोटावरून हात फिरवला.

लोवेलने अंगठी घेतली आणि नोरीनचा हात धरला. त्याची बोटं ओढ्यातल्या पाण्याने अजून भेगाळलेली होती. फट होती म्हणूनच अंगठी किंचित फाकली, जाड पेरावरून अलगद सरकली आणि आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. नोरीन बराच वेळ बोटाकडे बघत राहिली. मग डोळे पुसून तिने राहिलेला पाव वाढायला घेतला.

अंगठी त्यांनी कधीच जोडून घेतली नाही. परात पुन्हा खिळ्याला लागली आणि लोवेलने एक हिरवी प्लॅस्टिकची घेतली. आजही चर्चमध्ये नवं कुणी आलं आणि बोलता बोलता ती फट पाहून नोरीनला विचारू लागलं की "हे असं कसं हो झालं?", तर ती मागच्या बाकावरच्या व्हर्जिलकडे बोट दाखवते.

"तेवढं यांनी खाल्लं," ती म्हणते.